बॉक्सला वाचा फोडली

मी डूख धरते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून क्षमा-बिमाची अपेक्षा नको. आमच्या घरात बाकी सगळी माणसं शांत, मी कुणावर गेले कुणास ठाऊक. चार माणसांत ज्यानं मला खाली बघायला लावलं, त्याला मी विसरत नाही. आणि ज्याच्याबद्दल सांगणार आहे त्याला तर मुळीच नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत विश्रामबागेकडं एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर आमची छोटीशी कंपनी होती. मालक, एक सिनियर, मी आणि जोडणीकाम करणारी दोन-तीन माणसं. आम्ही टेलिफोनच्या लाइनींवरून गावोगावची मशीनं एकमेकांना जोडणारा स्विच बनवायचो. सगळे त्याला नुसतं बॉक्स म्हणायचे. सिनियरला तोंडावर मी सर म्हणायची. इथं म्हणणार नाही.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक दूध संघ. मुख्य ऑफिस सांगलीत, आणि दूध थंड करायची केंद्रं मेढ्याला, वाईला नि रहिमतपूरला. रहिमतपूर माझंच गाव. केंद्रावरच्या मशीनींची बोली जुनी, लाइनींची नवी, त्यामुळं मशीनचा निरोप जसाच्या तसा लाइनीवरून जायचा नाही. मग केंद्रावरचा बॉक्स तो निरोप दुसऱ्या पाकिटात घालायचा, वर नवा पत्ता टाकायचा आणि पाठवायचा. सांगलीचा बॉक्स ते पाकीट फोडून आतला निरोप काढायचा. ह्या वाटेला टनेल म्हणायचं. साताऱ्याकडच्या माणसाला टनेल म्हटलं की सज्जनगडच्या रस्त्यावरचा बोगदा आठवतो. आईला मी समजावून सांगायला गेले तर ती म्हणाली, "मंजी तू आता बोगदं खणतीस व्हय?" मी म्हटलं, खणते.

टनेलची प्रत्येक गोष्ट ठरवून द्यावी लागायची. पाकीट कुठून निघालं, कुठं जायचं, केवढं मोठं असलं तर चालेल, आणि की. की म्हणजे खुणेचा आकडा. दोन्हीकडं तोच आकडा असला तर सांगलीचा बॉक्स पाकीट फोडणार, नाहीतर चकार शब्द न काढता फेकून देणार. ह्या सगळ्याला आम्ही टनेलचे ॲट्रिब्यूट म्हणायचो. ह्यातलं एक जरी चुकलं की टनेल बंद, आणि पडद्यावर काय यायचं? "टनेल डाउन." बस्स. कुठला टनेल, कशानं बंद, काय जुळलं नाही, काही नाही. टनेलचं बाकी सगळं सॉफ्टवेअर माझं, पण तो एक मेसेज सिनियरनं लिहिलेला. कमी बोलणारं सॉफ्टवेअर चांगलं असतं, असं त्याचं मत होतं.

आता ह्यात मेख अशी. कीबोर्डवरून आकडा बदलला की तो लगेच लागू व्हायचा, पण कायमचा राहण्यासाठी सेव्ह करावा लागायचा. सेव्ह करताना बॉक्स थोडा वेळ थांबायचा आणि तेवढ्यात संघातली माणसं ओरडायला लागायची. केंद्रांवर रोज लाइट जायची, त्यामुळं तिथं सेव्ह केल्याशिवाय चालायचंच नाही. सांगलीच्या ऑफिसात मात्र बॅटऱ्यांची जंगी सोय होती, बॉक्स कधी म्हणून बंद पडत नसे. मग सेव्ह केलंय का नाही, हे कळणार कुणाला?

सांगलीचा बॉक्स बंद व्हायचा तो फक्त पूजेला. खंडेनवमीला संघातली सगळी मशीनं बंद करून, पुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून मांडायची पद्धत. संघाचे ऑफिस मॅनेजर फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे जावळीकडचे, आवाज असा की अंगणात बोलले तर रस्त्यावर ऐकू यावं. सगळे त्यांना सुभेदारच म्हणायचे. त्यांनी स्वतः नारळ फोडला. संचालक आले, आमचे मालक आले, सिनियरनं बॉक्सला पाच बोटं कुंकू लावलं, सगळ्यांनी हात जोडले. मी दारापाशी उभी होते. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्यात पूजा नाही. मी कुणाला काही बोलले नाही, तोंड वाकडं केलं नाही, मधे आले नाही. पेढा दिला तो खाल्ला, पेढ्याशी माझं काय भांडण?

पूजा झाली, बॉक्स चालू केला, आणि पडद्यावर आलं, "टनेल डाउन."

तिन्ही केंद्रं गप्प. कुठं किती दूध साठलंय ते सांगलीत कळेना, टँकर कुठं धाडायचा कळेना. त्यात उद्या दसरा, आणि फोन तर सणाला लागतच नव्हते. सिनियर पूजा झाल्याबरोबर सणाला गावी निघून गेलेला. मी बॉक्सपुढं बसून मरमर मेले. पण "टनेल डाउन" ह्यापलीकडं तो मुका बॉक्स काही सांगायला तयार नाही. वाईचं दूध नासलं.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, निरोप धाडल्यावर सिनियर आला. पडद्यापुढं पाठ करून बसला, कीबोर्डवर काहीतरी खडखड केलं आणि सगळं सुरू झालं. मग खुर्ची वळवून, संचालक, सुभेदार, मालक, सगळे उभे असताना हसत म्हणाला, "कोड हिचा. त्यात काल सगळ्यांनी मशीनला हात जोडले, हिनं तेवढे जोडले नाहीत. मग चालणार कसं?"

लोक हसले. आमचे मालकही हसले. एक संचालक तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "ह्या बाईंना परत आमच्या मशीनजवळ पाठवू नका." म्हणजे त्यांना ते खरंच वाटलं होतं.

तळपायाची आग मस्तकाला गेली. आणि मुडदा बशिवला, तोंडातून शब्द फुटेना! परत येताना जीपमध्ये मी विचारलं, "सर, सांगलीच्या बॉक्सच्या की बदलल्या होत्या का? मध्यंतरी संघाच्या लाइनी बदलल्या, सांगलीला तुम्हीच गेला होता, तेव्हा?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तू तुझा कोड बघ." तिथंच माझी खात्री पटली. ह्यानं नव्या की टाकल्या, सेव्ह केल्या नाहीत, पूजेला बॉक्स बंद झाल्यावर त्या पुसल्या गेल्या, आणि आज गुपचूप परत टाकल्या. पण दाखवणार कसं? बॉक्समध्ये खूण म्हणून काही राहतच नव्हती.

बातमीला पाय फुटतातच. रहिमतपूरच्या केंद्रावरून ती आमच्या गल्लीत पोचली, नि पोचेपर्यंत तिचं पार वेगळंच होऊन गेलं. पुढच्या रविवारी घरी गेले तर आईला नळावर बायकांनी विचारलेलं, तुमच्या लेकीनं काय केलं गं संघाच्या मशीनीला, दूध नासलं म्हणं तिच्या पायगुणानं. पायगुण! इंजिनिअरिंगला चार वर्षं काढली ती पायगुण ऐकायला.

आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "तू तितंच का न्हाई बोललीस?"

"दाखवायला काही नव्हतं गं."

"मग आता दावायचं बग. आन तू नगं सांगत फिरूस कुणाला. ज्येनं म्हटलं, त्येच्याच तोंडनं मागं घ्यायला लाव."

ही आमच्या घरातली शांत बाई. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. पगारवाढ नको, बढती नको. त्या माणसानं, त्याच ऑफिसात, त्याच माणसांसमोर ते वाक्य मागं घ्यावं, एवढंच.

कंपनीत माझ्याकडची नवी कामं काढून घेतली. मालक म्हणाले, "तू सध्या ते मेसेज-बिसेज नीट कर." मेसेज नीट करणं म्हणजे आमच्याकडं सगळ्यात हलकं काम, कुणाला शिक्षा करायची असेल तर द्यायचं. सिनियरला तेवढ्यावर राहवेना. म्हणाला, "बोलायची लय हौस हाय न्हवं हिला, बॉक्सला बोलायला शिकवू दे." माझी बोली काढून दाखवत होता. एरवी पुस्तकातल्यासारखं बोलायचा.

बरं, म्हटलं. शिकवते.

मी ते काम चवीनं केलं. आधी प्रत्येक टनेलचं नाव आणि त्याचं एकेक ॲट्रिब्यूट वेगळ्या ओळीवर छापायला लावलं. मग त्याच्यापुढं, हा आकडा आला कुठून ते. सेव्ह केलेल्या फाइलीतून, का कीबोर्डवरून, का बॉक्सचा मूळचा. दोन्हीकडचं जुळलं नाही तर आपल्याकडं काय आणि तिकडून काय आलं, ते दोन्ही शेजारी शेजारी. आणि कीबोर्डवरून कुणी काही बदललं तर बदलणाऱ्याचं नाव, सेव्ह केलंय का नाही ह्याच्यासकट. नाव कुठून आणायचं हा प्रश्नच नव्हता. बॉक्समध्ये शिरताना प्रत्येकाला आपलं नाव टाकावंच लागायचं, आणि ह्या गड्यानं स्वतःचं आडनावासकट पूर्ण नाव ठेवलेलं.

आणखी एक केलं. सगळे मेसेज मराठीत लिहिले. तेव्हा बॉक्सच्या पडद्यावर देवनागरी येत नव्हती, म्हणून अक्षरं इंग्रजी पण भाषा आपली. इंग्रजीत ठेवलं असतं तर त्यानं "टेक्निकल आहे" म्हणत सगळ्यांना बाजूला सारलं असतं. मला ते सुभेदारांना वाचता यायला हवं होतं.

टेबलावर दोन बॉक्स समोरासमोर ठेवून मी एकेक ॲट्रिब्यूट मुद्दाम बिघडवायची आणि काय छापून येतंय ते बघायची. पत्ता चुकवला, पाकीट मोठं केलं, की बदलली. प्रत्येक वेळी बॉक्स अगदी पोपटासारखा सगळं सांगायचा, आणि मला एकटीलाच हसू यायचं. मालकांनी बघितलं, त्यांना आवडलं, संघाला दाखवू म्हणाले. सिनियरकडं तपासायला दिलं. त्यानं पहिलं पान उलटलं नि "ठीक आहे" म्हणाला. मेसेज वाचायचे असतात हे त्याच्या गावीच नव्हतं.

सांगलीचा बॉक्स एरवी बंद करू देत नसत, म्हणून नवं सॉफ्टवेअर लक्ष्मीपूजनाला, बॉक्स बंद असतानाच टाकायचं ठरलं. मलाही नेलं, अडलं-नडलं तर विचारायला. पण संघाच्या फाटकाशी जीप थांबल्यावर मालक म्हणाले, "तू आत नको येऊस. संचालक आहेत. उगाच सणाचं कशाला." मी व्हरांड्यात थांबले. रांगोळी काढलेली, पणत्या अजून लावायच्या होत्या. दार उघडं होतं, पण मला आतल्या माणसांच्या फक्त पाठी दिसत होत्या.

आत फ्लॉपी टाकली गेली, पूजा झाली, बॉक्स चालू झाला. आणि मग सुभेदारांचा आवाज आला. समोर जे लिहिलेलं असेल ते मोठ्यानं वाचायची त्यांना फौजेतली सवय होती.

"टनेल वाई. बंद. कारन, की जुळत न्हाई. आपली की, शून्य. आली कुठनं, फाइलीतनं, बॉक्स बसवताना सेव्ह क्येलेली." मग थांबून म्हणाले, "आवं सायेब, ही बसवतानाचीच हाय म्हनं. मदी कुनी सेव्ह क्येलीच न्हाई."

मी दाराच्या आणखी जवळ सरकले.

सिनियर घाईघाईनं म्हणाला, "काही नाही, काही नाही, दोन मिनिटांत चालू करतो." आणि कीबोर्डची तीच खडखड. दसऱ्याचीच. देवा-बिवाला मी मानत नाही, पण त्या वेळी मनात म्हटलं, टाक रे बाबा, तुझ्या हातानं टाक.

"टनेल वाई. की बदलली," सुभेदार वाचायला लागले. "कुठनं, कीबोर्डवरनं. बदलनारा..." आणि त्यांनी त्याचं नाव आडनावासकट, कवायतीला हजेरी घेतल्यासारखं खणखणीत वाचलं. "सेव्ह क्येलेली न्हाई. बॉक्स बंद झाल्यास ही की पुसली जाईल."

मग मेढा. परत नाव. मग रहिमतपूर. परत नाव. पडदा बंद करावा हे त्याला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी सुभेदार मधे उभे होते.

"मंजी दसऱ्याला बी ह्योच परकार झाल्ता का?"

"त्याचं असं आहे सुभेदार, टेक्निकली बघायला गेलं तर..."

"व्हय का न्हाई तेवडं सांगा."

मग अगदी बारीक आवाजात तो म्हणाला, "हो."

अहाहा! खोटं कशाला बोलू, एवढा आनंद मला निकालाच्या दिवशी पण झाला नव्हता. आता तो बोलणार, आता ते वाक्य मागं घेणार, म्हणून मी कान टवकारून उभी.

पण मधे आमच्या मालकांचा हसरा आवाज आला. "चूक माणसाचीच होते हो! आता लक्षात ठेव, सेव्ह करत जा. चला, फराळ घेऊ या." आणि सगळे हसले. खुर्च्या सरकल्या, चिवड्याच्या ताटल्या वाजल्या. झालं. संपलं. त्यानं केली ती चूक, आणि चूक कुणाचीही होते. मी काहीच केलं नव्हतं, तर तो माझा पायगुण. दसऱ्याला काय बोललं गेलं ते आत कुणाला आठवलंसुद्धा नाही.

सुभेदार ताटली घेऊन बाहेर आले. "आत ये पोरी. हितं का हुबी?"

"संचालकांनी सांगितलंय, मशीनजवळ यायचं नाही."

ते आत गेले. ते संचालक तोंडात चकली असतानाच म्हणाले, "येऊ द्या की, कोण अडवतंय?" जसं काही मीच रुसून बसले होते. मी आत गेले नाही. ताटलीही तशीच कठड्यावर ठेवली.

दिवाळीनंतर गंमत सुरू झाली. त्यानं शेवटी की सेव्ह केल्या होत्या, पण सुभेदारांनी हुकूम सोडला, टनेलची सगळी माहिती रोज सकाळी छापून चारी ठिकाणी भिंतीवर लावायची, शेवटी कुणी हात लावला त्याच्या नावासकट. फौजेत हत्याराला कुणी हात लावला ते लिहिल्याशिवाय ठेवत नसत, म्हणाले. तेव्हा मेढा, वाई, रहिमतपूर, सांगली, रोज सकाळी त्याचं नाव. वाईचे ऑपरेटर फोन करून त्याला विचारायचे, "सायब, आज सेव्ह क्येलंय न्हवं?" आमच्या गल्लीतल्या बायकांना सुद्धा ते नाव पाठ झालं. आईनं नळावर काय सांगितलं ते मी विचारलं नाही, पण पायगुण हा शब्द परत ऐकू आला नाही.

मालकांनी मला बोलावलं. "बाकीचं चांगलंय, राहू दे. ते नाव तेवढं काढून टाक. बरं दिसत नाही."

मी म्हटलं, "माझं नाव गावभर झालं तेव्हा बरं दिसत होतं?"

ते चिडले, पण करणार काय? ते नाव आता संघालाच हवं होतं, आणि संघ म्हणजे आमची निम्मी कमाई. म्हणाले, "तुमचं तुम्ही मिटवा."

मग तो स्वतः आला. जेवणाच्या सुट्टीत, बाकी कुणी नसताना, माझ्या टेबलाशी उभा राहिला. पहिल्यांदाच मला अहो-जाहो करत होता. "तुम्ही एवढ्या मनाला लावून घ्याल असं वाटलं नव्हतं. गमतीत बोललो होतो मी. सुभेदारांना समजावून ते नाव काढता येईल ना?"

"येईल. सुभेदारांशी मी बोलते. आज काढते."

त्याचा चेहरा उजळला.

"एकच करायचं," मी म्हटलं. "संघात जायचं. तेच सगळे असताना म्हणायचं, हिच्या कोडची चूक नव्हती आणि हात जोडण्याबद्दल मी बोललो ते चुकलं. एवढं एक वाक्य. आणि गमतीतच बोलला होता ना, मग ते मागं घ्यायला जड कशाला जाईल?"

तो उभाच राहिला. मी त्याच्याकडं बघत होते. त्या क्षणी, अगदी खरं सांगते, त्यानं हो म्हटलं असतं तर मी सगळं सोडून दिलं असतं.

"ते सोडून दुसरं काहीही सांगा," तो म्हणाला. "नवीन काम तुमच्याकडं देतो. कायम करायला मालकांना मी सांगतो. पण ते... तुमच्यासाठी तिथं जाऊन, सगळ्यांसमोर... ते नाही जमणार मला."

"माझ्यासाठी नाही जमणार, का कुणासाठीच नाही?"

त्यानं घड्याळात बघितलं. तो संघात मात्र एकदा चूक कबूल करून आला होता. सुभेदारांनी विचारल्यावर, सगळ्यांसमोर, "हो" म्हणून. तेव्हा त्याची जीभ झडली नव्हती. आता ते फक्त माझ्या बाबतीत म्हणायचं होतं, तर रोज सकाळी चार गावांत आपलं नाव भिंतीवर लागलेलं त्याला चालणार होतं, पण ते चालणार नव्हतं.

म्हणजे दसऱ्याला तो गमतीत बोललाच नव्हता.

मी डबा उघडला आणि जेवायला बसले. तो निघून गेला. नाव मी काढलं नाही.